तीन किल्ले, दोन डोंगर आणि ताकाचा चहा

नेस्टा रीसला कुणीही विचारावं, बहिणीला भेटायला कधी जाणार, की ती म्हणायची, "नाउर."

नाउर म्हणजे आत्ता. पण दक्षिणेच्या वेल्श खोऱ्यांतलं आत्ता, आणि ते भलतंच लवचिक असतं. नळ दुरुस्त करणारा "नाउर येतो" म्हणाला, तर शहाण्या बाईने शेजारणीकडे आंघोळ उरकून घ्यावी आणि जमलं तर आठवड्याचे कपडेही तिच्याकडेच धुवावेत. उत्तरेकडे, जिथे नेस्टा जन्मली, तिथे आत्ताला 'रुआन' म्हणतात, आणि रुआन म्हटल्यावर माणूस बुटाची नाडी बांधत बसत नाही. नेस्टाचा नवरा एम्रिस, देव त्याला वर सुखात ठेवो, म्हणायचा की शब्द एकच आहे. कागदावर आमच्या लिपीत nawr लिहा आणि उलट्या बाजूने वाचा, rwan, तीच चार अक्षरं. "तुम्ही तिकडून वाचता, आम्ही इकडून. त्यावरून माणसांनी एवढं फुगायचं कशाला?" एम्रिस गायनमंडळात खालच्या पट्टीत गायचा. खालच्या पट्टीत गाणाऱ्यांना जगातलं सगळंच सोपं वाटतं.

नेस्टाचा आणि तिच्या थोरल्या बहिणीचा, मेन्नाचा, अबोला एका शब्दावरूनच होता. पण तो शब्द हा नव्हे. तो पुढे येईल, त्याला घाई नाही. त्याने तीस वर्षं वाट पाहिली आहे.

ऑगस्टातल्या एका रविवारी चॅपलमध्ये उत्तरेकडचे पाहुणे प्रवचनकार आले होते. प्रवचन संपल्यावर मागच्या खोलीत चहा, केक आणि दुसऱ्यांच्या घरच्या बातम्या, असा शिरस्ता. नेस्टा किटली घेऊन फिरत होती आणि प्रवचनकार सांगत होते की तिकडे गावंच्या गावं सुट्टीतल्या घरांनी भरली, आता नान्त-गोखमधली वरच्या घरची मेन्नाही सप्टेंबरात समुद्रकाठच्या वृद्धाश्रमात चालली, घर बर्मिंगहॅमच्या कुणा दंतवैद्याने घेतलं. त्यांना काय माहीत किटली कुणाच्या हातात आहे. कप भरला. बशी भरली. मग प्रवचनकारांचा गुडघा भरला.

"किटलीचं नाक वाकडं आहे," नेस्टा म्हणाली. वीस वर्षं ती किटली सरळ नाकाने नांदत होती.

त्या रात्री तिला झोप लागली नाही असं लिहिलं तर तिला राग येईल. झोप लागली. पण झोपेत तिला ते स्वयंपाकघर दिसत राहिलं. खिडकीखालची दगडी मोरी, चुलीशेजारचं लाकडी बाक, आणि बाकावर मेन्ना, पाय पोटाशी घेऊन बसलेली, जशी आई रागावली की बसायची. मेन्ना काय, समुद्रकाठीही भेटली असती. तिथे भेटीच्या वेळा असतात, पाहुण्यांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतात. पण त्या स्वयंपाकघरात बसलेली मेन्ना सप्टेंबरनंतर कुणालाच दिसणार नव्हती. ती नेस्टाला एकदा पाहायची होती. बोलायचं वगैरे नव्हतं. नुसतं पाहायचं होतं.

अडचण एवढीच, की जी आधी जाईल ती हरली. असा काही करार झाला नव्हता, पण दोघींना तो पाठ होता.

सोमवारी सकाळी शेजारची ग्लेनिस कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकून उभी राहिली. ग्लेनिस घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देते आणि उरलेल्या खोल्यांत त्या पाहुण्यांबद्दल बोलते. सध्या तिच्याकडे एक डच जोडपं उतरलं होतं. विम आणि हान्नेके, दोघंही इतके उंच की दारातून आत येताना नमस्कार घातल्यासारखे वाकत. खोरं त्यांनी एका सकाळीच बघून संपवलं होतं. आता दिवसभर खिडकीत बसून भिजलेल्या मेंढ्या मोजतात, ग्लेनिस म्हणाली, माझ्या पडद्यांना त्यांच्या उसाशांनी ओल आली.

नेस्टाच्या तोंडून निघून गेलं, "मी नेते त्यांना. एका दिवसात तीन किल्ले, दोन डोंगर, पाच गावं."

ही आकडेवारी कुठून आली ते तिलाही कळलं नाही. पण एकदा तोंडातून आकडा गेला की नेस्टाने तो कधी परत घेतल्याचं कुणाला आठवत नाही. आणि बोलता बोलताच तिला कळून चुकलं की हीच ती वाट. टूर घेऊन जाणारी बाई कुणाकडे जात नसते. ती टूर काढते. वाटेत एखादं घर लागलं तर तो घराचा दोष.

बातमी दुपारपर्यंत गल्लीच्या टोकाला पोहोचली आणि सल्ले घेऊन परत आली. एकीने सांगितलं, आलं चघळा, वळणांवर पोटात ढवळतं. दुसरीने सांगितलं, आलं मुळीच चघळू नका, तिच्या दिराला आल्यानेच ढवळलं होतं. प्रत्येकीची एकेक मावशी वाटेवर राहत होती आणि तिला नुसतं खिडकीतून हात केला तरी चालण्यासारखं होतं, थांबलात तर ही एवढी बरणीही द्या. तिसऱ्या दिवशी नेस्टाच्या ओट्यावर सहा बरण्या, एक विणलेलं जाकीट आणि कुणाची तरी दातांची कवळी जमली. कवळी कुणाला द्यायची ते सांगायला ती बाई विसरली होती.

गाडी म्हणजे चॅपलची मिनीबस. ती चालवायचा हँडल. त्याच्या आईने कुणा मोठ्या संगीतकारावरून त्याचं नाव ठेवलं होतं, पण देवाने गळा दिला नाही, म्हणून चॅपलने मिनीबस दिली. नाव हँडल आणि हातात स्टिअरिंग, यावर त्याच्या बायकोने चाळीस वर्षं विनोद करून झालेला आहे; आता कुणी हसत नाही. हँडल चॅपलचा कारभारीही होता, त्यामुळे गाडी मागायची त्याच्याकडे आणि परवानगीही त्याच्याकडेच. तरी त्याने सभा बोलावली. सभेत त्याने स्वतःला विचारलं आणि स्वतःला अटी घातल्या. वाटेत दारू नाही, आणि जुनं चॅपल दिसलं की वेग कमी करायचा. हँडलचा वेग आणखी कमी कसा होणार, असं कुणी विचारलं नाही, कारण सभेत तो एकटाच होता.

मग नेस्टाचा मुलगा आला. गेरेंट काउन्सिलमध्ये रस्त्यावरचे दिवे बघतो, त्यामुळे त्याला सगळीकडे अंधारच दिसतो.

"माम, नकाशा बघितलास का? जायला चार तास. हँडलला सहा."

"मी त्या नकाशात जन्मले."

"आणि गाईडला परवाना लागतो. असं कुणीही उठून गाईड होत नाही. पर्यटन खात्याला फोन कर आधी."

फोनवर आधी इंग्रजीत सांगितलं, वेल्शसाठी दोन दाबा. नेस्टाने दोन दाबला, तत्त्व म्हणून. वीणेसारखं काहीतरी वाजत राहिलं. बऱ्याच वेळाने एक तरुण आवाज आला आणि म्हणाला, "बोला, मी रुआन तुमचंच बघतो."

रुआन. नेस्टा फोन धरून तशीच उभी राहिली. खोऱ्यात हा शब्द तिच्याशी कुणी बोलत नसे, आणि ती स्वतःही कधीची बोलायची थांबली होती. मुलाने दोनदा विचारलं, आहात ना. तिने विचारलं, कुठला रे तू? तो उत्तरेकडच्या बाला गावाजवळचा निघाला. मग तिकडे गवत कापून झालं का, पाऊस किती, अमक्या शेतावर अजून ती रागीट कुत्री आहे का, असं अर्धा तास चाललं. कुत्री मेली होती, पण तिची नात तशीच निघाली होती. शेवटी तो म्हणाला की गाईड म्हणवून घ्यायचं तर परीक्षा आणि बिल्ला लागतो, पण गाडीत बसून नुसतं बोलायला कुणाची हरकत नाही.

म्हणून गेरेंटने मिनीबसच्या काचेवर जी पाटी लावली तिच्यावर 'किल्ले, डोंगर, गावं' असं मोठ्या अक्षरांत होतं आणि खाली बारीक अक्षरांत, 'सोबत बोलणारी बाई: नेस्टा रीस'. नेस्टाला हा अपमान वाटला. गल्लीचं म्हणणं पडलं की इतकी अचूक पाटी काउन्सिलने आजवर लावलेली नाही.

शनिवारी पहाटे निघाले. हँडल, नेस्टा, डच जोडपं आणि ग्लेनिस. ग्लेनिसला कुणी बोलावलं नव्हतं, पण पाहुणे तिचे होते आणि अंड्याची सँडविचेसही तिचीच होती. त्या सँडविचेसचा वास पहिल्या वळणाला डब्याबाहेर आला आणि शेवटपर्यंत टूरमध्ये राहिला.

आमच्याकडे रस्त्यावर जागोजागी पांढऱ्या रंगात 'आराफ' लिहिलेलं असतं, म्हणजे हळू. हँडल कारभारी माणूस. प्रत्येक आराफला तो मान द्यायचा. एक आराफ संपायच्या आत पुढचा लागायचा आणि गाडी वरातीसारखी चालायची. मागे ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत. दीड तासाने विमने नकाशातून डोकं वर काढलं आणि अदबीने विचारलं, हे आराफ गाव नकाशात सापडत नाही, पण फारच मोठं दिसतं.

नेस्टाने क्षणभर विचार केला. पाच गावं कबूल केलेली होती.

"मोठं आहे," ती म्हणाली. "अजून चालू आहे."

विमने वहीत एक गाव लिहून घेतलं.

पहिल्या किल्ल्यात लग्न होतं. फाटकावर फुलांची कमान आणि काळ्या सुटातला एक बलदंड माणूस. निमंत्रण असेल त्यालाच आत. नेस्टा त्याला सांगत होती की किल्ला तिच्या पूर्वजांचा आहे, त्याच्या नाही. तेवढ्यात रविवारच्या सुटातल्या हँडलला कुणी नवरीचा काका समजलं, कोटाला फूल टाचलं आणि फोटोसाठी ओढून नेलं. बाकीचे गाडीतळावरून भिंतीचा वरचा भाग पाहत उभे राहिले. हान्नेकेने विचारलं, इथे काय घडलं होतं?

बोलणारी बाई बोलली. इथे एक राजा होता, त्याला भाऊ होता, दोघांचं पटत नव्हतं. थोरला समजत होता की घर त्याचं. धाकटा म्हणायचा, मी लांब गेलो म्हणून काय घर माझं नाही? दोघंही हट्टी. "आमच्या राजांना शत्रूंची गरज कधी पडलीच नाही. भाऊ पुरले."

"आणि मग?"

"मग काही नाही. दोघंही मेले. इंग्रज आले."

ग्लेनिसने सँडविच खाता खाता तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

हँडल पाऊण तासाने फूल लावून परत आला. तोंडाला वास येत होता. नवरीसाठी चषक उंचावणं भाग पडलं म्हणाला, त्यात सफरचंदाचा रस असावा अशी त्याची समजूत होती. समजूत इतकी गाढ होती की त्याला तासभर गाडीत झोपवावं लागलं.

डोंगरांचं काय सांगावं. धुकं इतकं होतं की नेस्टाने डावीकडे हात करून "हा पहिला डोंगर" म्हटलं आणि डच जोडप्याने पांढऱ्या भिंतीचे फोटो काढले. काही वेळाने उजवीकडे हात करून "हा दुसरा". विम फार सभ्य माणूस. तो एवढंच म्हणाला, की हॉलंडमध्येही साधारण असंच दिसतं. हार्लेखचा किल्लाही धुक्यातच होता. तिकिटाच्या खिडकीतल्या मुलीने खात्री दिली की किल्ला आत आहे. मग एकाएकी वारा आला, पडदा फाटला आणि सगळा किल्ला, खाली समुद्र, पलीकडे डोंगरांची रांग, सगळं उघडं पडलं. हँडलने टोपी काढली. विम नुसताच उभा राहिला. हान्नेके तेवढ्यात बाथरूमला गेली होती. ती आली तेव्हा पुन्हा पांढरं झालं होतं, आणि त्या नवरा-बायकोंत दिवसभरातलं पहिलं भांडण झालं.

हान्नेकेला समजावताना नेस्टाने दुसऱ्या किल्ल्याची गोष्ट सांगितली. त्यातही दोन भावंडंच होती. एकाने दुसऱ्याला जेवायला बोलावलं आणि पाहुण्यांच्या खोलीत बसवलं.

"पाहुण्यांच्या खोलीत बसवलं म्हणून युद्ध?" हान्नेकेने विचारलं.

"तुमच्याकडे यावर होत नाही का?" नेस्टा म्हणाली.

आता तो शब्द.

आई गेली तेव्हा नेस्टा दक्षिणेत नांदायला लागून बरीच वर्षं झाली होती. दफनानंतरच्या चहाला मेन्नाने तिला पुढच्या खोलीत बसवलं, प्रवचनकारांच्या शेजारी. त्या खोलीत घरचं माणूस फक्त शवपेटीतून जातं. एरवी ती परक्यांसाठी. नेस्टा उठून स्वयंपाकघरात गेली आणि सवयीने म्हणाली, मेन्ना, चहाला 'लाइथ' दे. दक्षिणेत लाइथ म्हणजे दूध. उत्तरेत दुधाला लेव्रिथ म्हणतात, आणि लाइथ म्हणजे ताक. मेन्नाने तिच्याकडे पाहिलं, आईचा निळा जग भरला आणि पुढच्या खोलीत आणून ठेवला. तिथे सगळ्यांच्या देखत चहा फाटला. प्रवचनकारांच्या कपात गुठळ्या तरंगल्या. आमची नेस्टा आता खालच्या खोऱ्यांतली झाली, मेन्ना म्हणाली, लाइथ मागते. लोक हसले, दफनाच्या दिवशी हसतात तसे, हातरुमालात. नेस्टाने तो चहा तळापर्यंत प्यायला, तोंड वाकडं न करता. मेन्नानेही स्वतःच्या कपात तेच ओतलं आणि तिच्याकडे बघत बघत संपवलं. त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत.

चहात ताक. एवढंच. राजांनी याहून कमी कारणांवर राज्यं बुडवली आहेत.

फेस्टिनियोगच्या अलीकडच्या वळणावर नेस्टा म्हणाली, "इथे उजवीकडे."

"हे ठरलेल्यात नाही," हँडल म्हणाला.

"पाचवं गाव."

"तीनच झाली. आराफ धरून."

"मग चौथं आणि पाचवं एकत्र. वळ."

नान्त-गोखमध्ये शिरल्यावर बोलणाऱ्या बाईचा आवाज बंद झाला. डच जोडपं वाट पाहत राहिलं. बाहेर पाटीच्या दगडांची घरं, ओळीने, स्वच्छ रंगवलेली, आणि प्रत्येक दाराशेजारी किल्लीची छोटी कुलूपबंद पेटी, सुट्टीला येणाऱ्यांसाठी. दुकान बंद. चॅपलवर 'विकणे आहे'. इथे कोपऱ्यावर शनिवारी संध्याकाळी अख्खं गाव उभं असायचं आणि नेस्टाला दोन पोरं एकदम शीळ घालायची. आता कोपऱ्यावर कचऱ्याचे डबे होते, वर्गवारी करून. घरांच्या धुरांड्यांतून कुठेही धूर नव्हता. फक्त वर, गावाच्या डोक्यावर, एका धुरांड्यातून निघत होता.

"तो धूर कुणाचा?" ग्लेनिसने विचारलं. नेस्टा बाहीने काच पुसू लागली. ग्लेनिस काय ते समजली आणि तिने सँडविचचा डबा बंद केला. नेस्टासाठी कुणी केलेली ती त्या दिवसातली सर्वांत मोठी गोष्ट.

बेत साधा होता. घरासमोरून हळू जायचं, खिडकीतून पाहायचं, खाली उतरायचं, घरी जायचं. हळू जाण्यात हँडलचा हात कुणी धरला नसता. पण वरच्या घराची गल्ली घोडागाडीसाठी बांधलेली, आणि अगदी फाटकासमोर मिनीबसचे दोन्ही आरसे दोन्ही भिंतींत रुतले. गाडी पुढे जाईना, मागे येईना. दारं उघडेनात. इंजिन घरघरलं, भिंतीचे दोन दगड खाली आले आणि आत कुत्रं भुंकलं.

"आता?" हँडल म्हणाला.

नेस्टाने टोपी कपाळावर ओढली आणि सरळ समोर बघत बसली, जणू बस चालली आहे.

घराचं दार उघडलं. काठी टेकत म्हातारी आली. ती इतकी लहान झाली होती की नेस्टाला आधी वाटलं ही मेन्ना नव्हेच, ही आई. मेन्नाने पडलेले दगड पाहिले, आरसे पाहिले, काचेवरची पाटी वाचली. बारीक अक्षरं तिला दिसली नाहीत. हँडलच्या खिडकीवर तिने काठी आपटली.

"ही भिंत माझ्या आजोबांनी रचली. कुणाची वरात आहे ही?"

"टूर आहे, बाई," हँडल म्हणाला. कोटाला अजून लग्नाचं फूल होतं. "किल्ले, डोंगर, गावं."

"इथे कुठला आलाय किल्ला?"

हँडल वळून नेस्टाकडे पाहू लागला. ग्लेनिसही. डच जोडपंही, कारण त्यांनाही खरोखर जाणून घ्यायचं होतं. तीन सांगितले होते आणि दोनच झाले होते.

नेस्टा समोरच बघत होती. "हा तिसरा," ती म्हणाली.

बाहेर काठीचा आवाज थांबला. कुत्रंही थांबलं, त्याला काय कळलं कोण जाणे.

"तिसऱ्या किल्ल्याचं छप्पर गळतं," मेन्ना म्हणाली. "आणि किल्लेदारीण सप्टेंबरात चालली. बघायचा असेल तर उतरा. रुआन."

उतरणं सोपं नव्हतं. मागच्या आणीबाणीच्या खिडकीतून एकेकाला काढावं लागलं. विमने सगळ्यांना उचलून खाली ठेवलं. नेस्टा रीस आपल्या जन्मघरी तीस वर्षांनी परतली ती एका डच माणसाच्या काखेत, पाय हवेत, एक बूट गाडीत. तिचं म्हणणं, तो दिवसभर तिचं बोलणं ऐकून घेत होता, एवढा हक्क त्याला होता.

मेन्नाने दार उघडं धरलं. डावीकडे पुढची खोली होती. नेस्टा उंबऱ्यावर थांबली.

"तिकडे काय बघतेस?" मेन्ना म्हणाली. "तिथे खोकी भरलीत. स्वयंपाकघरात चल."

स्वयंपाकघर अर्धं रिकामं होतं. भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन. मोरी होती, बाक होतं. मेन्ना बाकावर बसली आणि पाय पोटाशी घेण्याचा प्रयत्न केला. गुडघ्यांनी ऐकलं नाही. नेस्टाला जे पाहायचं होतं ते तिने पाहिलं. मग तिला उगाचच खिडकीतून बाहेर पाहावं लागलं.

चहा झाला. आईचा निळा जग अजून खोक्यात गेला नव्हता. मेन्नाने पाहुण्यांना विचारून घेतलं. नेस्टा त्या एका शब्दासाठी खोऱ्यापासून तयारी करून आली होती, चार-पाचशे आराफांवरून मनात घोकत आली होती. मेन्नाने जग उचलला, तिच्याकडे न पाहता.

"लाइथ?" मेन्ना म्हणाली.

"लेव्रिथ," नेस्टा म्हणाली.

दोघी एकदमच म्हणाल्या.

हान्नेकेने हळूच ग्लेनिसला विचारलं, काय म्हणाल्या? ग्लेनिस म्हणाली, दूध. एक काय म्हणाली आणि दुसरी काय म्हणाली? दोघी दूधच म्हणाल्या, ग्लेनिस म्हणाली, आणि तिने नाक शिंकरलं.

कपात पांढरं पडलं. फाटलं नाही.

"त्या दिवशी मुद्दाम घातलंस ना?" नेस्टाने विचारलं.

"हो. आईच्या स्वयंपाकघरात येऊन पाहुण्यासारखी बोललीस."

"पाहुण्यांच्या खोलीत बसवलीस म्हणून."

"तू बसलीस म्हणून बसवली. टोपी घालून आलीस, काढेचना." मेन्नाने कप बशीत ठेवला. "मी नंतर गोठ्यामागे जाऊन ओकले."

"मी बसमध्ये. डोल्गेलाइपर्यंत."

"बरं झालं," मेन्ना म्हणाली.

मग बाहेर विमने दोन्ही आरसे घडी करून, दगड हलवून गाडी मोकळी केली. हँडलने खिडकीतून टिचकी मारली. अंधार पडायच्या आत डोंगर उतरायचे तर निघायला हवं होतं, रस्ता तर सगळा आराफच. नेस्टा उठली, कोट घेतला, एक बाही घातली आणि दुसरी घालायची राहिली. मेन्ना बाकावर बसून टेबलावरचे खोटे कण गोळा करत होती.

"वरच्या खोलीतला पलंग दंतवैद्याने ठेवून घेतलाय," ती कणांना म्हणाली. "चादरी मात्र खोक्यात गेल्या. कुठल्या खोक्यात ते देवाला माहीत."

नेस्टा बाहेर गेली. हँडलला म्हणाली, आलास तसा उलटा जा, तोच रस्ता आहे. तो म्हणाला, आणि बोलणार कोण? ती म्हणाली, ग्लेनिस आहे. सहा बरण्या आणि ती कवळीही तिने ग्लेनिसच्या मांडीवर ठेवल्या. फाटकाशी उभी राहून तिने गाडीचे लाल दिवे गल्लीतून खाली जाताना पाहिले. अर्थात हळूहळू.

आत आली तेव्हा मेन्नाने पहिलं खोकं उघडलं होतं. त्यात चादरी नव्हत्या, आईच्या बशा होत्या. तिने वर पाहिलं नाही.

"गेली गाडी?"

"गेली."

"मग तू कधी जाणार?"

नेस्टाने कोटाची ती एक बाही काढली, कोट आपल्या लहानपणच्या खुंटीवर अडकवला, आणि शेजारच्या खोक्याची दोरी सोडायला खाली बसली.

"नाउर," ती म्हणाली.